पेशी छापण्याआधी: संगणकीय मॉडेल तुमच्या काय कामाचं?

बायोप्रिंटर (जिवंत पेशींची रचना छापणारं यंत्र) आला, बायोइंक (पेशी मिसळलेलं जेल) तयार झाली, की पहिला प्रश्न येतो तो हे जेल सुईतून ढकलायला दाब किती ठेवायचा हा. बहुतेक प्रयोगशाळा याचं उत्तर छापून बघत शोधतात. छापायचं, पेशी जगल्या का ते तपासायचं, दाब थोडा उतरवायचा, पुन्हा छापायचं. यात जेल वाया जातं, पण खरं नुकसान पेशींचं. रुग्णाकडून घेतलेल्या मोजक्या पेशी वाढवायला आठवडे जातात. त्या नुसत्या चाचण्यांत संपवणं आम्हाला पटत नाही, म्हणून आम्ही छपाईचं संगणकीय मॉडेल बनवतो आणि शक्य तितक्या चुका संगणकावरच करून घेतो.

सर्वांत आधी आम्ही नोझल, म्हणजे जेल बाहेर सोडणारी सुई किंवा टोक, बघतो. सुईतून जाताना जेल मध्यभागी वेगाने पुढे सरकतं आणि कडेला जवळजवळ थांबतं. वेगातल्या या फरकाने पेशी ओढल्या जातात. हाच शिअर स्ट्रेस. अगदी मध्यावर तो शून्य असतो, भिंतीलगत सर्वाधिक. साधा द्रव असेल आणि प्रवाह तेवढाच ठेवून नोझलचा व्यास निम्मा केला, तर भिंतीवरचा ताण आठपट होतो. सुदैवाने अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) किंवा जिलेटिनची जेलं जोराने ढकलली की पातळ होतात. एखाद्या जेलचा प्रवाह-घातांक (ढकलल्यावर ते किती पातळ होतं हे सांगणारा आकडा, साध्या द्रवाचा 1) 0.5 असेल, तर तोच ताण आठऐवजी सुमारे 2.8 पट वाढतो. बारीक नोझल परवडेल की नाही हे या घातांकावर ठरतं, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही.

नोझलच्या आकाराचंही तसंच. लांब, सरळ सुईत पेशी पूर्ण लांबीभर ताण सोसतात. निमुळत्या टोकात तो मुख्यतः तोंडापाशीच येतो. ताण किती याइतकंच तो किती वेळ टिकतो हेही आमच्या गणितात धरलेलं असतं.

छापून झाल्यावर प्रश्न ऑक्सिजनचा. रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत तो साधारण 100 ते 200 मायक्रॉनपर्यंतच पुरेसा पोहोचतो, त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. ऊती दाट व्हावी म्हणून पेशींची संख्या चौपट केली, तर ही खोली जवळपास निम्मी होते, कारण वाटेतल्या पेशीच ऑक्सिजन संपवतात. भरपूर पेशी घालण्याचा मोह आम्हाला समजतो. तरीही जाड रचनेत पोकळ वाहिन्या कुठे आणि किती अंतरावर ठेवायच्या, हे आधी ठरवा असा आमचा आग्रह असतो.

आकार टिकतो का, हे जाळीतल्या चौकोनी छिद्रांवरून कळतं. परिमितीचा वर्ग भागिले क्षेत्रफळाची सोळापट: उत्तर 1 आलं तर छिद्र नेमकं चौरस, 0.79 च्या आसपास आलं तर जेल पसरून छिद्र गोल झालं.

तुमच्याकडून आम्हाला लागतात ती ऱ्हिओमीटरची (जेल कसं वाहतं हे मोजणाऱ्या यंत्राची) मोजमापं, तीही छपाईच्याच तापमानाला आणि पेशी मिसळलेल्या जेलची. कोऱ्या जेलचे आकडे दिशाभूल करतात. जिलेटिन थंडीत घट्ट होतं, शरीराच्या तापमानाला वितळतं. खोली दोन-चार अंशांनी गार असली तरी दाबाचं गणित बदलतं. शिवाय नोझलची मापं, पेशींची घनता आणि रचनेची जाडी कळवा.

पेशी पुढे नीट परिपक्व होतील का, हे आमचं मॉडेल सांगत नाही. ते प्रयोगशाळेतच बघावं लागतं. दाब, वेग आणि नोझलची सुरक्षित मर्यादा मात्र ते दाखवतं. त्या मर्यादेतल्या काही निवडक छपाया तुम्ही करायच्या, रंगद्रव्याने जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल करून मोजायच्या आणि आकडे आम्हाला पाठवायचे. अंदाज आणि मोजणी जुळली नाही, तर त्या आकड्यांवरून आम्ही मॉडेल पुन्हा बसवतो आणि सुधारित मर्यादा तुम्हाला कळवतो.