कापलेलं गवत डेकखालीच का साचतं?
दोन किंवा तीन पात्यांचं लॉनमोवर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पाऊस लागला की आमच्या वर्कशॉपमध्ये एकच तक्रार येते : "मशीन कापतंय, पण गवत बाहेर फेकत नाही, मागे गोळे पडतात." बहुतेकांनी त्याआधी पात्यांना धार लावून पाहिलेली असते. धार हवीच. पण धार गवत फक्त कापते, त्याला बाहेर काढते ती हवा. ही हवा कुठे अडते किंवा कमी पडते, ते शोधायचं.

पातं हातात घेऊन पाहिलंत तर धारेच्या मागच्या बाजूची कड वर वळलेली दिसेल. आम्ही तिला पंख म्हणतो. पातं फिरताना हा पंख हवा वर ओढतो. त्या ओढीने आडवं पडलेलं गवत उभं राहून धारेला लागतं आणि तुकडे हवेबरोबर चूटमधून, म्हणजे बाजूच्या तोंडातून, बाहेर जातात. म्हणून पातं बसवताना पंख वर, डेकच्या (पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) दिशेने हवा. उलटं बसवलेलं पातं आम्हाला दर हंगामात दिसतं.

उजवीकडे चूट असलेल्या डेकमध्ये साधारणपणे सगळी पाती एकाच दिशेने, वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. डाव्या पात्याने कापलेलं गवत डेकच्या पुढच्या भागातून मधल्या पात्यावरून उजवीकडे सरकतं. म्हणजे चूटजवळच्या पात्यावर स्वतःचं आणि शेजाऱ्यांचंही ओझं येतं. गाळ सर्वांत जास्त तिथेच चिकटतो, आणि एकट्या त्या पात्याचा पंख झिजला तरी अख्खा डेक तुंबतो.

पंख झिजतो तो मातीने. मुरूम टाकून सपाट केलेल्या प्लॉटवर किंवा कोकणातल्या लाल मातीत बारीक कण सतत पंखावर आदळतात आणि पत्रा पातळ होत जातो. नवं पातं शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळेल. पंखाच्या मुळाशी चीर दिसली तर ते पातं त्याच दिवशी भंगारात टाका. तो तुकडा तुटून उडाला तर माणसाला लागतो. वेल्डिंग लावून पंख उभा करणं किंवा गाडीच्या पाट्यातून पातं घडवून घेणं, ही दोन्ही कामं आम्ही करत नाही, आग्रह करू नये.

आता वेग. पात्याचा वेग १० टक्क्यांनी घटला तर हवेचा दाब जवळपास १९ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे कापताना इंजिन अर्ध्या थ्रॉटलवर चालवून पेट्रोल वाचवायला जाऊ नका, थ्रॉटल पूर्ण ठेवा आणि गाडीचा पुढे जाण्याचा वेग कमी करा. इंजिन जोरात असूनही पाती मंद वाटत असतील तर बेल्ट घसरतोय. कडा चकचकीत झालेला बेल्ट, सैल झालेली ताण देणारी स्प्रिंग, पुलीवर साचलेलं सुकं गवत ही नेहमीची कारणं. गोडाऊनमध्ये मशीन ठेवत असाल तर उंदरांनी बेल्ट कुरतडलाय का, तेही बघा.

लहान पुली बसवून पाती जोरात फिरवून द्या, असं काही जण सांगतात. २१ इंचांचं पातं मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याचं टोक ताशी सुमारे ३०० किलोमीटरने धावत असतं. अमेरिकन सुरक्षा मानकात टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी साधारण ३४७ किलोमीटर आहे. पुली बदलली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

पावसाळ्यासाठी जास्त उंच पंखाची पाती मिळतात आणि ओल्या गवतात ती खरंच उपयोगी पडतात. मात्र ती इंजिनवर जास्त भार टाकतात आणि उन्हाळ्यात धूळ उडवतात, म्हणून वर्षभर ठेवू नयेत. मल्चिंगची (गवत बारीक चिरून तिथेच सोडणारी) पाती ओल्या हरळीत आमच्या मते निरुपयोगी.

डेकच्या आतला थर लाकडी उलथन्याने खरवडून काढा, शक्यतो कापणी झाल्या झाल्या, कारण वाळलेला थर छिन्नीशिवाय निघत नाही. त्याआधी मशीन बंद, चावी बाहेर, प्लगची वायर काढलेली, हातात जाड हातमोजे. प्रेशर वॉशर स्पिंडलच्या (पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या) बेअरिंगवर मारू नका. जळकं ऑइल किंवा डिझेल आतून फासणं टाळा, ते लॉनवर ठिबकतं आणि तिथलं गवत मरतं.

मागच्या पेटीत गवत गोळा करणाऱ्या मशीनचं गणित थोडं वेगळं. त्यांतल्या बऱ्याच डेकमध्ये दोन पाती एकमेकांच्या उलट फिरतात आणि गवत मधल्या बोगद्यातून मागे फेकतात. म्हणून डाव्या बाजूचं पातं उजव्या बाजूला बसवून चालत नाही. अशा डेकचा बेल्ट दात्यांचा असेल आणि त्याचा एक दाता जरी सरकला, तरी पाती एकमेकांवर आदळू शकतात, तेव्हा तो घरी बदलू नका. बोगदा वारंवार तुंबत असेल तर आधी पेटीची जाळी धुवा. जाळीची भोकं धुळीने बुजली की हवेला बाहेर पडायला वाट नसते, आणि हवा अडली की गवतही अडतं.

कापणीबद्दल थोडं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आठ-दहा दिवस उघडीप मिळाली नसेल आणि गवत गुडघ्याशी आलं असेल, तर पहिला हात उंचावर आणि दुसरा खाली. पहिल्या एक-दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेने घ्या, म्हणजे गवत भिंतीवर किंवा फुलझाडांत न जाता आत पडेल. पुढच्या फेऱ्या उलट दिशेने, म्हणजे ते कापलेल्या भागावर पडेल आणि पुन्हा डेकखाली येणार नाही. चूटवरचं झाकण मात्र काढू नका. गवत मोकळं पडतं हे खरं, पण खडेही तसेच मोकळे सुटतात.

दुरुस्तीला बोलावण्याआधी लॉनवरच्या खुणा पाहून ठेवा. चूटच्या बाजूला ठरावीक अंतरावर गोळे पडत असतील तर चूट किंवा उजवी बाजू तुंबतेय. दोन पात्यांच्या मधे न कापलेली रेघ राहत असेल तर पात्यांची टोकं झिजली आहेत. डेकच्या पूर्ण रुंदीभर चुरा सांडत असेल तर पंख किंवा बेल्ट. एकाच बाजूला गवत खोल कापलं जात असेल तर आधी चारही टायरची हवा सारखी करा, डेकची पातळी त्यानंतर तपासायची. या खुणांचा एक फोटो आणि मशीनचा मॉडेल नंबर व्हॉट्सॲपवर पाठवलात, तर आमचा माणूस योग्य पाती आणि बेल्ट सोबत घेऊनच येईल.