कुंड्यांची संख्या आणि पानामागची कीड

गॅलरीतील फरशी पाणी सांडलेले नसतानाही पायाला चिकट लागू लागली, तर नजर वर उचलून जास्वंदीच्या पानांच्या मागच्या बाजूकडे न्यावी. तो चिकटपणा झाडाने गाळलेला नसतो. झाडाचा रस शोषणाऱ्या किडींनी बाहेर टाकलेल्या साखरपाण्याचा तो थर असतो. माझ्या पुण्यातील घरात गॅलरी, खिडक्या आणि जिन्याचा कोपरा धरून एके काळी 126 कुंड्या होत्या, आणि हा चिकटपणा मला पहिल्यांदा जाणवला तोवर पिठ्या ढेकूण, म्हणजे अंगावर पिठासारखे पांढरे मेण असलेला रसशोषक कीटक, त्यांतील निम्म्याहून अधिक कुंड्यांत पोहोचला होता. पुढचे वर्षभर मी आलटून पालटून फवारण्या करीत राहिलो. कीड कमी होत असे आणि परत येत असे. ती खऱ्या अर्थाने हटली ती कुंड्यांची संख्या 45 वर आणल्यानंतर. झाडे कमी करणे हा हार मानण्याचा प्रकार आहे असे मला तेव्हा वाटत होते. आज माझे मत असे आहे की मोठ्या संग्रहात तो कीडनियंत्रणाचाच एक उपाय आहे आणि त्यामागे भक्कम जीवशास्त्र आहे.

सुरुवात त्या चिकटपणापासून करू. पानांत तयार झालेली साखर झाडाच्या सर्व भागांकडे वाहून नेणाऱ्या नलिकांतील रस साखरेने समृद्ध असतो, परंतु शरीर घडविण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले त्यात फार थोडी असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून मावा, खवले कीड, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस पितात आणि जास्तीची साखर मागील बाजूने टाकून देतात. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते, पान काजळल्यासारखे दिसू लागते आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो. ज्या झाडाला आपण प्रेमापोटी भरमसाट युरिया किंवा मोहरीच्या पेंडीचे पाणी देतो, त्याची पालवी लुसलुशीत आणि नत्रयुक्त होते. किडीला हवे ते आपणच तिच्या पुढ्यात ठेवतो आणि तिची वीण वाढते.

पिठ्या ढेकूण या कीटकाबद्दल घरी आपल्याला राग येतो, पण जीवशास्त्रज्ञांना तो अचंबित करीत आला आहे. लिंबूवर्गीय झाडांवर आणि घरातील शोभेच्या झाडांवर आढळणाऱ्या त्याच्या एका जातीच्या पेशींत एक जीवाणू राहतो आणि त्या जीवाणूच्या आत आणखी एक जीवाणू राहतो. 2001 साली हे एकात एक असलेले सहजीवन प्रकाशात आले. बाहेरच्या जीवाणूकडे जनुके इतकी थोडी उरली आहेत की स्वतंत्रपणे जगणे त्याला शक्य नाही. रसातून न मिळणारी अमिनो आम्ले कीटक आणि हे दोन जीवाणू मिळून, एकेक पायरी वाटून घेऊन तयार करतात. निव्वळ साखरपाण्यावर जगणारा हा प्राणी एवढ्या जोमाने का वाढू शकतो, याचे उत्तर तिथे आहे. बांगड्या आणि मोहोर करण्यासाठी जी लाख आपण शतकानुशतके वापरत आलो, तीही पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर राहणाऱ्या याच कुळगोतातील एका कीटकाचे कवच आहे.

आता थोडे गणित. पिठ्या ढेकणाची मादी कापसासारख्या पिशवीत साधारणपणे 300 ते 600 अंडी घालते आणि आपल्याकडच्या उबदार हवेत एक पिढी सुमारे महिनाभरात पूर्ण होते. समजा अंडी 400 आहेत आणि त्यांतील 95 टक्के पिल्ले वाटेतच मरतात. तरीही 20 उरतात आणि त्यांतील निम्म्या माद्या धरल्या तर एका मादीच्या जागी महिन्याने 10 माद्या होतात. अशा वेळी आपण फवारणी करून 90 टक्के कीड मारली आणि समाधानाने पंप ठेवून दिला, तर पुढच्या महिन्यात संख्या नेमकी पूर्वीइतकी झालेली असते. मेणकट पिशवीतील अंड्यांपर्यंत बहुतेक द्रावणे पोहोचतच नाहीत. म्हणून सात ते दहा दिवसांच्या अंतराने किमान तीन-चार वेळा उपाय करावा लागतो, म्हणजे अंड्यांतून नव्याने बाहेर आलेली आणि अंगावर मेण न चढलेली पिल्ले त्यात सापडतात.

लाल कोळ्याची गती याहून अधिक. हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या नातेवाइकांपैकी आहे. हवा 30 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कोरडी असेल, तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा त्याचा प्रवास आठवडाभरात उरकतो; म्हणूनच मार्च ते मे या काळात कॅलेथिया, गुलाब आणि अळूच्या पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि पुढे बारीक जाळी दिसू लागते. त्याच्या अफलित अंड्यांतून नर जन्माला येतात. त्यामुळे दुसऱ्या झाडावर एकटीच पोहोचलेली मादी स्वतःच्याच अंड्यांतून नर निर्माण करून त्याच्याशी मीलन करू शकते आणि तेथे नवी वसाहत वसवू शकते. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारावी आणि कागदावर पडलेले ठिपके चालू लागतात का ते पाहावे. भिंग नसले तरी एवढ्यावरून निदान होते.

एका कुंडीवरील कीड आणि संग्रहातील कीड या दोन वेगळ्या समस्या आहेत, हे मला फार उशिरा उमगले. अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ रिचर्ड लेव्हिन्स यांनी 1969 साली एक साधे गणिती प्रतिरूप मांडले, आणि तेही कीडनियंत्रणाच्याच संदर्भात. त्यांच्या दृष्टीने एखादी जात म्हणजे तुकड्यातुकड्यांनी वसलेल्या अनेक वस्त्यांचा समूह असतो. प्रत्येक तुकड्यातील वस्ती केव्हातरी नष्ट होते, पण शेजारच्या तुकड्यांतून येणारे वसाहतकार तिथे पुन्हा वस्ती करतात. नष्ट होण्याच्या वेगापेक्षा पुन्हा वसण्याचा वेग जोवर अधिक आहे, तोवर एकूण समूह टिकतो. याच प्रतिरूपातून पुढे असा निष्कर्ष निघाला की वस्तीयोग्य तुकड्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली, तर काही तुकडे शिल्लक असूनही तो समूह संपतो, कारण रिकामा झालेला तुकडा पुन्हा भरण्याइतके शेजारी उरत नाहीत. जंगलांचे तुकडे पडल्यावर वन्यजीव का नाहीसे होतात हे समजावून सांगताना हेच गणित वापरले जाते. अरण्याच्या बाबतीत जे आपल्याला व्यथित करते, तेच गॅलरीत आपल्या उपयोगी पडते. प्रत्येक कुंडी हा किडीसाठी एक तुकडा आहे. पाने एकमेकांना टेकलेली असतील तर पिल्ले चालत पलीकडे जातात; शिवाय वारा, आपली कात्री, आपल्या शर्टाची बाही आणि मुंग्या यांच्यामार्फतही त्यांचा प्रवास होतो. आज मी मोगरा स्वच्छ केला, चार दिवसांनी क्रोटन आणि पुढच्या रविवारी अडेनियम, अशा पद्धतीने काम करताना मी केवळ तुकडे रिकामे करीत होतो आणि शेजारचे तुकडे ते पुन्हा भरीत होते.

वेळेचा हिशेबही तितकाच कठोर आहे. एका कुंडीची पाने उलटून, पेरे पाहून, कडेची माती तपासण्यास दोन मिनिटे धरली, तर 126 कुंड्यांना चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि 45 कुंड्यांना दीड तास पुरतो. आठवड्याला चार तास देणे मला जमत नव्हते, म्हणून मी मागच्या रांगेतील कुंड्या पाहतच नव्हतो, आणि कीड तिथेच तग धरून राहत होती. कोणाच्या घरात किती झाडे असावीत याचा सर्वांना लागू पडणारा आकडा देता येणार नाही. मात्र आठवड्यातून एकदा ज्यांची पाने उलटून पाहणे आपल्याला खरोखर जमते तेवढीच झाडे ठेवावीत, हा निकष मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

उपायांमध्ये पाण्याचा जोरदार फवारा हा पहिला आणि बहुधा सर्वांत कमी लेखला गेलेला उपाय आहे. मावा आणि लाल कोळी त्याने मोठ्या प्रमाणात धुऊन निघतात. सौम्य साबणाचे पाणी कीटकाच्या अंगावरील मेणाचे आवरण आणि पेशींची आवरणे बिघडवते, पण ते थेट अंगावर पडले तरच. वाळल्यानंतर त्याचा परिणाम उरत नाही आणि बोअरच्या जड पाण्यात तो मुळातच कमी होतो. कडुनिंबाचे तेल वापरताना एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि ते मिसळावे म्हणून थोडा द्रवरूप साबण, असे प्रमाण ठेवावे, आधी एका पानावर घेऊन पाहावे आणि संध्याकाळीच फवारावे. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन या संयुगामुळे कात टाकण्याची प्रक्रिया चालविणाऱ्या संप्रेरकाचे काम विस्कळीत होते, पिल्लू पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही, आणि त्याची खाण्याची इच्छाही मंदावते. त्यामुळे किडे दुसऱ्या दिवशी मेलेले दिसले नाहीत म्हणून निराश होऊ नये. हे संयुग उन्हात लवकर विघटित होते. कडुनिंबाची ही शक्ती आपल्या घरांना धान्याच्या कणगीपासून माहीत आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी 1959 साली सुदानमध्ये टोळधाडीनंतर फक्त कडुनिंबाची झाडे हिरवी राहिलेली पाहिली आणि तेथून त्यांच्या दीर्घ संशोधनाला आरंभ झाला.

तीव्र कीटकनाशके घरात वापरू नयेत असे माझे ठाम मत आहे. झाडाच्या रसात भिनणारे औषध तुळस किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत घातले तर ते आपल्याच ताटात येते. शिवाय अनेक व्यापक परिणामाची औषधे किडीच्या शत्रूंनाही मारतात, आणि त्यानंतर लाल कोळ्याचा उद्रेक पूर्वीपेक्षा मोठा होतो. या शत्रूंपैकी एकाची ओळख प्रत्येकाने करून घ्यावी. ऑस्ट्रेलियातून 1898 साली भारतात आणलेला क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा पिठ्या ढेकणावर जगतो, आणि त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते. ती मोठा पिठ्या ढेकूण समजून अनेकांकडून चिरडली जाते. माझ्याकडूनही गेली आहे. ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा आणि मंद असतो, ही अळी त्याच्या दुपटी-तिपटीने लांब आणि चपळ असते. साखरपाण्यासाठी आलेल्या मुंग्या या मित्रकीटकांना हुसकावून लावतात, म्हणून कुंडीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवून मुंग्यांची वाट तोडणे हाही कीडनियंत्रणाचाच भाग आहे. त्या वाटीतील पाणी मात्र दर आठवड्याला ओतून वाटी घासावी, कारण डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची अंड्यापासूनची वाढ अशा पाण्यात आठ-दहा दिवसांत पूर्ण होते.

नैसर्गिक शत्रू काय करू शकतात याचे उदाहरण आपल्याकडेच घडले आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण 2008 साली कोइमतूर परिसरात प्रथम नोंदविला गेला आणि दोनच वर्षांत महाराष्ट्रातील पपईच्या बागांतही पोहोचला. जास्वंदीवरही तो तितक्याच आवडीने वाढतो. 2010 मध्ये पोर्टो रिको येथून आणलेल्या अतिशय लहान परजीवी गांधीलमाश्या सोडण्यात आल्या आणि ही कीड मोठ्या प्रमाणात आटोक्यात आली.

झाडे कमी करायला मन तयार होत नाही, त्यामागे बऱ्याचदा हवा शुद्ध होते ही समजूतही असते. नासाचा 1989 सालचा प्रसिद्ध अभ्यास लहान, हवाबंद पेटीत झाला होता. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा इमारतीत नेहमीच होत असलेल्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडे लागतील असे त्यांना आढळले. झाडे आनंदासाठी ठेवावीत. हवेसाठी खिडकी उघडावी.

कोणती झाडे काढायची हे ठरविताना मी मायेपेक्षा नोंदवहीवर विसंबलो. वर्षभरात तीन वेळा उपचार करूनही कीड परतली ती झाडे प्रथम गेली. त्यानंतर पुरेसा उजेड न मिळाल्याने कायम खुरटलेली झाडे गेली. मग एकाच झाडाच्या पाच-सहा प्रती होत्या, त्यांतील एक-दोनच राखल्या. आईच्या हातची ब्रह्मकमळाची कुंडी खवले किडीने पोखरली होती. ती फेकणे मला शक्य नव्हते. एक निरोगी पान कापून, धुऊन, नव्या मातीत लावले आणि मूळ झाड काढून टाकले. ज्या झाडाशी आठवण जोडलेली आहे त्याचे कलम घेऊन नव्याने सुरुवात करणे, हा मार्ग बहुतेक वेळा उपलब्ध असतो. अडेनियम आणि निवडुंग यांच्या बाबतीत मुळे उघडून पाहणे आवश्यक आहे, कारण मुळांवरील पिठ्या ढेकूण वरून दिसत नाही.

काढलेली झाडे रस्त्याच्या कडेला किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नयेत, कारण तेथून कीड शेजारच्या जास्वंदीवर जाते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावीत आणि मगच कचऱ्यात द्यावीत. पाण्यातील शोभेची झाडे नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नयेत; मुळा-मुठेला झाकून टाकणारी जलपर्णी आणि डोंगर व्यापणारी घाणेरी या दोन्ही वनस्पती शोभेसाठीच या देशात आल्या होत्या. माती मात्र वाया घालवायची गरज नाही. ती ओली करून, पातळ थर पसरून, एप्रिल-मे महिन्यांत पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे ठेवली, तर आतील उष्णतेने बहुतेक अंडी आणि कोष मरतात.

निरोगी झाडे मित्रांना देण्यापूर्वी मी ती तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवली, दर चार दिवसांनी तपासली आणि आमच्याकडे कीड होती हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगितले. नर्सरीतून येणाऱ्या प्रत्येक नव्या कुंडीलाही आता तोच नियम आहे: जिन्याच्या रिकाम्या कोपऱ्यात तीन आठवडे, इतर कुंड्यांपासून हातभर दूर, आणि तिच्यासाठी वेगळी कात्री.