वजनकाट्याचा पीसी आणि क्लाउडचा आराखडा

भोसरीतल्या एका कारखान्यानं सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या संगणकांवर, न्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या वाट्याला पहिलं काम आलं ते मशिनं मोजायचं. "अहो, मोजायचं काय त्यात, तीन सर्व्हर आहेत," मालक फोनवर म्हणाले होते. निघाले सात. तीन एसीच्या खोलीत, दोन अकाउंट्सच्या टेबलांखाली, एक गेटच्या केबिनमध्ये आणि एक जिन्याखाली, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांमागे. जिन्याखालच्या डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर स्केचपेननं लिहिलेलं: "बंद करू नये". का, ते कुणालाच सांगता येईना. लिहिणारे गृहस्थ केव्हाच रिटायर झाले होते.

क्लाउडवर जाण्याच्या आराखड्यात आज जे रकाने भरून घेतात, ते कुणी कॉन्फरन्स रूममध्ये बसून सुचवलेले नाहीत. बहुतेक रकान्यांमागे कुणाची तरी फजिती नाहीतर कुणाचं तरी अवाच्या सवा बिल आहे.

मुळात भाड्याचा संगणक आपल्याकडे नवा नव्हेच. १९६०च्या दशकात आयबीएमची १४०१ यंत्रं इथल्या मोठ्या कंपन्यांमध्ये आली ती मासिक भाड्यावर. ज्यांना तेही झेपत नव्हतं, ते हिशेबच बाहेर पाठवायचे. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टीसीएसच्या सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ लावण्याचं काम होतं. कागद जायचे, कार्डं पंच व्हायची, छापील भेंडोळी परत यायची. तिकडे अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ सालीच, एमआयटीच्या शताब्दीच्या व्याख्यानात, टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल असं बोलून दाखवलं होतं.

मशीन स्वतःचं हवं, आपल्या कुलपात हवं, ही सवय नंतरची. परकीय चलन नियमन कायद्यानं भागभांडवल कमी करायला सांगितलं, ते न मानता आयबीएम १९७८ साली देशातून गेली. १९८४च्या संगणक धोरणानं आयात सैल केली, पीसी स्वस्त होत गेले, १९८६ साली स्थापन झालेल्या कंपनीची टॅली हळूहळू दुकानादुकानांत पोचली. सर्व्हर आला की त्याच्या मागोमाग वरात यायची: यूपीएस, इन्व्हर्टर, एसी, लोडशेडिंगसाठी जनरेटर, आणि रोज संध्याकाळी बॅकअपची टेप घरी नेणारा एक विश्वासू माणूस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावर मशिनं ठेवणं म्हणजे काय, हे मुंबईला वेगळं शिकवावं लागलं नाही.

ॲमेझॉननं मार्च २००६मध्ये साठवणुकीची एस-थ्री सेवा आणली, एका गिगाबाइटला महिना १५ सेंट. ऑगस्टमध्ये ईसी-टू आली, एका छोट्या सर्व्हरला तासाला १० सेंट. नवीन काही उभं करायचं असेल तर उत्तमच. पण चालू धंद्याचा सर्व्हर तिकडे न्यायचा कसा? ते जमलं व्हर्च्युअलायझेशनमुळे. व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरनं अख्खं मशीनच फायलींमध्ये बसवलं होतं, आणि फाइल म्हटली की ती उचलून दुसरीकडे ठेवता येते. लिफ्ट अँड शिफ्ट म्हणतात ते हेच.

मोठा धडा दिला नेटफ्लिक्सनं. ऑगस्ट २००८मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. धंदा तेव्हा पोस्टानं डीव्हीडी पाठवण्याचाच, म्हणजे तीन दिवस दुकानच बंद. सगळा भार एकाच मोठ्या डेटाबेसवर ठेवण्याचा तो परिणाम होता. त्यांनी ॲमेझॉनकडे जायचं ठरवलं, पण आहे तो पसारा तसाच उचलून न्यायला नकार दिला. तसा नेला असता तर जुनी दुखणीही सोबत गेली असती, असं त्यांचं म्हणणं. एकसंध प्रोग्राम फोडून त्याच्या शेकडो छोट्या सेवा केल्या, डेटा ठेवण्याची पद्धत बदलली, एखादा सर्व्हर मुद्दाम बंद पाडून बाकीचे तग धरतात का हे तपासणारं केऑस मंकी नावाचं साधन लिहिलं. हे सगळं संपलं जानेवारी २०१६मध्ये. सुमारे सात वर्षं! आणि सर्वांत शेवटी हलवलेल्या भागांत होतं बिलिंग. "अकाउंट्सपासून सुरू करू, तेच महत्त्वाचं आहे" म्हणणारे साहेब भेटले की मी हे सांगतो. ज्यावाचून धंदा अडतो ते शेवटी न्यायचं, तोवर कमी जोखमीच्या गोष्टींवर हात बसवून घ्यायचा.

त्याच सुमारास सल्लागारांनी याची वर्गवारी केली. गार्टनरनं 'आर'पासून सुरू होणारे पाच पर्याय मांडले. आहे तसं न्या, थोडं सुधारून न्या, नव्यानं लिहा, तयार सेवा विकत घ्या, असे. ॲमेझॉननं २०१६मध्ये सहाची यादी प्रसिद्ध केली, तिच्यात हे दोन शब्दही होते: रिटायर आणि रिटेन. म्हणजे काढून टाका आणि इथेच राहू द्या. माझ्या मते अख्ख्या यादीत कामाचे शब्द हे दोनच. बाकीचे विक्रेता स्वतःहून सांगतोच.

जिन्याखालचा डबा शेवटी एका रविवारी मॉनिटर जोडून उघडला. त्यात एक्साइजच्या रजिस्टरचा प्रोग्राम होता. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि त्या रजिस्टरचं काम संपलं. तेव्हापासून तो डबा नुसती वीज खात होता. जुना डेटा काढून घेतला, मशीन भंगारात गेलं. न मोजता सगळं उचललं असतं तर त्याचंही दरमहा भाडं भरत बसले असते, आणि तिकडे चिकटपट्टी नसल्यामुळे तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

भारतात हा निर्णय लांबण्याचं एक साधं कारण अंतर हे होतं. डेटा सिंगापूरला, त्यामुळे स्क्रीन उघडायला वेळ. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबईत केंद्रं सुरू केली, ॲमेझॉन जून २०१६मध्ये मुंबईत आली, गूगल २०१७मध्ये. मग नियम आले. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं आणि त्यासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. २०२२मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रांवरच्या घडामोडींच्या नोंदी, जपून ठेवणं बंधनकारक केलं. "डेटा कुठल्या शहरात?" हा रकाना तेव्हापासून वरच्या ओळीत आला.

"बॅकअप कुठे?" हा मात्र आगीतून आला, अक्षरशः. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, तेही गेले. क्लाउडवर ठेवलं म्हणजे आपोआप दोन ठिकाणी राहतं, असा गोड समज तोवर बऱ्याच जणांचा होता.

पैशाची बाजू आपल्याकडे सीए आधी बघतात आणि ते बरंच आहे. सर्व्हर विकत घेतला की तो मालमत्ता, त्यावर घसारा. हा दर एप्रिल २०१७पासून ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. क्लाउडचं बिल थेट खर्चात. पण विकत घेतलेलं मशीन रात्री चालू राहिलं तर फक्त विजेचं बिल वाढतं, भाड्याचं मशीन चालू राहिलं तर मीटर पडत राहतो. हे न बघितलेले बरेच जण पहिल्या तिमाहीनंतर डोक्याला हात लावून बसले. काही जण तर मागे फिरले. लोकांच्या फायली साठवून ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सनं बहुतेक डेटा स्वतःच्या यंत्रांवर आणल्याचं २०१६मध्ये जाहीर केलं, थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२२मध्ये क्लाउड सोडत असल्याचं सांगितलं. परतीचं भाडंही लागायचंच, डेटा बाहेर काढायचा तर प्रत्येक गिगाबाइटला पैसे. कायमचं सोडून जाणाऱ्यांसाठी हे शुल्क गूगलनं जानेवारी २०२४मध्ये आणि ॲमेझॉननं मार्चमध्ये माफ केलं.

गेटवरचा सातवा पीसी वजनकाट्याचा. काट्याची सिरियल केबल थेट त्याच्या पाठीत, आणि इंटरनेट गेलं म्हणून ट्रक रस्त्यावर थांबवून ठेवता येत नाहीत. आमच्या शीटमध्ये त्याच्यापुढे "राहील" एवढंच लिहिलंय. जिन्याखालच्या डब्यावरची चिकटपट्टी वॉचमननं सोलून या पीसीवर लावली. नावासकट, तारखेसकट नवीन लावा असं मी दोनदा सांगून आलोय.