यूएसबी उपकरण लावल्यावर लिनक्स मशीन बंद पडत असेल तर

ठसे घेण्याचं यंत्र, प्रिंटर किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली की मशीन हँग होतं, नाहीतर आपोआप रिस्टार्ट होतं, अशी तक्रार घेऊन राळेगाव, कळंब, मारेगाव भागातले ग्राहक आमच्याकडे येतात. बहुतेकांनी येण्याआधीच कुणाच्या तरी सांगण्यावरून मशीन फॉरमॅट केलेलं असतं. कृपया तसं करू नका. दोष उपकरणात किंवा विजेत असेल तर तो फॉरमॅटनंतरही राहतो आणि तो ओळखायच्या, मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी (लॉग) मात्र पुसल्या जातात.

एवढ्याशा उपकरणामुळे अख्खं मशीन कसं बसतं? लिनक्समध्ये साधा प्रोग्राम बिघडला तर सहसा तेवढाच बंद पडतो. पण उपकरणं चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बहुतेक करून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत चालतात. तिथे चूक झाली की सगळंच अडकू शकतं.

मशीन अडकल्यावर कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन अजून पूर्ण गेलेलं नाही; दोन मिनिटं थांबा. लॅपटॉपचा हा दिवा स्वतःहून लुकलुकत असेल तर कर्नलच थांबला आहे. अशा वेळी स्क्रीनवर जी अक्षरं दिसतील त्यांचा मोबाइलने फोटो काढा, कारण त्या शेवटच्या ओळी डिस्कवर लिहिल्या गेलेल्या नसतात.

आता विजेचं. आमच्या मते आपल्या भागात पहिला संशय इथेच घ्यावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर करंट देतो, ३.० चा ९००. अडॅप्टर नसलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) लावला की तेवढ्याच करंटमध्ये सगळ्या उपकरणांना भागवावं लागतं. हार्ड डिस्क फिरायला लागताना सर्वांत जास्त करंट ओढते, आणि तेव्हाच तिचा मशीनशी संपर्क तुटतो. म्हणून डिस्क थेट मशीनला लावा, हब घ्यायचाच तर अडॅप्टरवाला घ्या आणि केबल आखूड ठेवा.

अर्थिंगही तपासा. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. प्रिंटर वेगळ्या बोर्डावर असेल तर दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे यूएसबी केबलमधून करंट वाहतो आणि पोर्टही जाऊ शकतो. प्रिंटर आणि मशीन एकाच बोर्डावर घ्या, खड्ड्यात पाणी घाला, आणि झिणझिण्या थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलावून घ्या. हे काम पुढे ढकलू नका, यात जिवाला धोका आहे.

एवढं करूनही त्रास राहिला तर यूएसबीची सगळी उपकरणं काढून मशीन दिवसभर चालवा. चाललं तर एकेक उपकरण परत लावत जा. ज्याच्यावर संशय येईल ते दुसऱ्या केबलने, दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. मशीनच्या नोंदींमध्ये वजा ७१ (-71) हा चुकीचा क्रमांक (एरर कोड) दिसला तर उपकरणाशी बोलणं मध्येच बिघडतं आहे, वजा ११० (-110) असेल तर उपकरण वेळेत उत्तर देत नाही. दोन्ही वेळा केबल आणि करंट आधी पाहावं. बाहेरची डिस्क ज्या डब्यात बसवलेली असते, त्यांतल्या काही डब्यांचं लिनक्सच्या डेटा पाठवण्याच्या नव्या जलद पद्धतीशी (यूएएस) जमत नाही; तिथे सेटिंगमध्ये एक ओळ घालून जुनी पद्धत लावता येते. ते आम्ही करून देतो.

दुकानात येताना फक्त सीपीयू आणू नका. ते उपकरण, त्याचीच केबल, हब आणि अडॅप्टर सोबत आणा. मशीन किती वाजता बंद पडलं आणि त्या वेळी लाइन गेली-आली होती का, हे कागदावर लिहून आणलंत तर नोंदींतली नेमकी जागा लगेच सापडते.