आइसलँडमधला काचबिंदू आणि जपानमधला उलटा निकाल

म्हातारपणीच्या नेत्ररोगांची जनुकं शोधायला संशोधक आइसलँडसारख्या बेटावर का जातात? नवव्या शतकाच्या अखेरीस तिथे मोजक्या लोकांनी वस्ती केली आणि नंतर बाहेरून फारसं कुणी आलं नाही. त्या मूळ रहिवाशांच्या गुणसूत्रांचे लांबलचक तुकडे आजही बऱ्याच जणांत सारखेच सापडतात. वंशावळीही शतकानुशतकं लिहून ठेवलेल्या आहेत.

पण याच गोष्टीत एक धोका आहे. बरेच रुग्ण एकाच घराण्यातले निघाले, तर त्या घराण्यात चालत आलेली कुठलीही निरुपद्रवी खूणसुद्धा रोगाचं कारण भासू लागते. म्हणून आधी कोण कुणाचा किती जवळचा नातेवाईक आहे याचा हिशेब गणितात धरावा लागतो. शिवाय रुग्ण आणि इतर लोक यांच्या डीएनएतल्या लाखो जागा एकदम ताडून पाहिल्या की काही जुळण्या निव्वळ योगायोगाने मिळणारच. त्यामुळे योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल, तरच निष्कर्ष ग्राह्य धरायचा असा रिवाज आहे.

2007 मध्ये आइसलँडच्या काचबिंदू रुग्णांचा सुमारे तीन लाख जागांवर असा शोध घेतला गेला. पंधराव्या गुणसूत्रावर रोगाशी जुळणारा संकेत मिळाला. रुग्णांचे प्रकार वेगळे केल्यावर मात्र दिसलं, की तो सरसकट काचबिंदूचा नव्हताच; त्याचा सगळा भार स्यूडोएक्सफोलिएशन या एकाच प्रकारावर होता. यात बाहुलीच्या कडेवर आणि भिंगाच्या पुढच्या पडद्यावर कोंड्यासारखा पांढुरका थर साचतो. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) ज्या जाळीतून बाहेर जातं ती जाळी त्याने तुंबते आणि दाब वाढतो.

संकेताच्या जागी एलओएक्सएल1 हे जनुक होतं. त्याचं विकर इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाच्या तंतूंना एकमेकांशी जोडतं. म्हणजे रोगाच्या स्वरूपाशी ते जुळतही होतं. त्यात माणसागणिक बदलणारे दोन फरक सापडले. दोन्ही फरकांची जोखमीची रूपं ज्यांच्यात दुहेरी, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेली आहेत, त्यांचा धोका कमी जोखमीच्या रूपांच्या लोकांपेक्षा शंभरपटींहून जास्त निघाला.

आकडा छाती दडपणारा आहे खरा. पण ही दुहेरी रूपं तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे 25 टक्के लोकांत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून जनुकचाचणी करून एखाद्याला ‘तुमची चाचणी पॉझिटिव्ह आहे’ असं सांगून घाबरवण्यापलीकडे काही साधत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. जपानी रुग्णांमध्ये या दोनपैकी एका फरकाची बाजूच उलटली: आइसलँडमध्ये जे रूप जोखमीचं, ते तिथे संरक्षक ठरलं. दुसऱ्या फरकाचं हेच दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांत झालं. म्हणजे हे फरक स्वतः गुन्हेगार नसून बहुधा शेजारच्या खऱ्या कारणाच्या खुणा असाव्यात. वेगवेगळ्या समाजांत त्या वेगवेगळ्या रूपांशी जोडल्या गेल्या. बेटावर गुणसूत्रांचे तुकडे लांब असल्याने संकेत पटकन मिळतो, पण त्याच लांबीमुळे नेमकी जागा ठरवणं अवघड जातं. 2017 मध्ये जपानी लोकांत याच जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला, आणि तो चक्क या रोगापासून संरक्षण देणारा निघाला.

निदानासाठी आजही डोळ्यांच्या डॉक्टरांचा स्लिटलॅम्पच, म्हणजे प्रकाशाची बारीक पट्टी टाकून डोळा मोठा करून दाखवणारं यंत्रच कामी येतं, तेही थेंब घालून बाहुली मोठी केल्यावर. भिंगावरचा थर बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याआड लपतो; थेंब न घालता तपासलं तर तो सहज नजरेतून निसटतो. बऱ्याचदा तो आधी एकाच डोळ्यात दिसतो. डोळ्याचा दाबही दिवसभरात बराच खालीवर होतो, त्यामुळे एका मोजणीवर निश्चिंत राहू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी हे निदान झालेलं असणं फार महत्त्वाचं. अशा डोळ्यात बाहुली नीट उघडत नाही आणि भिंग धरून ठेवणारे धागे कमकुवत असतात; शस्त्रक्रियेत भिंग जागचं सरकू शकतं. आधी कळलं तर सर्जन बाहुली ताणून धरणारे हुक आणि भिंगाच्या पिशवीला आधार देणारी रिंग हाताशी ठेवतात.