न आलेला रस

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली, की खाण्याची दुकानं लागतात. हिवाळ्यात कढईत गराडू, म्हणजे तळून खायचा एक कंद, पडल्याचा चर्र आवाज आला, की घास अजून लांब असतानाच तोंडाला पाणी सुटतं. माझ्या भाचीनं हेच इंग्रजी निबंधात लिहिताना 'होप' हे क्रियापद वापरलं होतं. मी तिला 'एक्स्पेक्ट' सुचवलं.

'मामा, एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा ना? मी गराडूंकडून कसली अपेक्षा करणार?'

तिचं बरोबर होतं. शाळेत शब्दार्थ असाच पाठ करून घेतात आणि घोटाळा तिथेच होतो. मराठी अपेक्षेत इच्छा असते, बरेचदा हक्कही असतो: 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' इंग्रजी शब्दालाही ती छटा आहे. 1805 साली ट्रफाल्गरच्या लढाईआधी ब्रिटिश नौसेनापती नेल्सननं आपल्या ताफ्याला 'इंग्लंड एक्स्पेक्ट्स' असा संदेश दिला, तेव्हा कर्तव्याची मागणीच केली होती. पण एरवी 'एक्स्पेक्ट' म्हणजे अमुक घडेल असं धरून चालणं. आपला संघ हरेल, असंही 'एक्स्पेक्ट' करता येतं. 'होप' मात्र कोणी करणार नाही.

शब्दांची मुळं मला फार आवडतात. लॅटिन 'एक्स' म्हणजे बाहेर, 'स्पेक्टारे' म्हणजे पाहणं. 'अपेक्षा'त संस्कृत ईक्ष् धातू आहे, त्याचाही अर्थ पाहणं. आपण तर सरळ वाटच पाहतो आणि आमचे हिंदी शेजारी बाट जोहतात. जे अजून आलेलं नाही, त्याच्याकडे सगळ्यांचे डोळे.

मेंदूही हेच करतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची, म्हणजे डोपामिन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशींची, नोंद घेतली. आधी दिवा लागायचा, मग थोड्या वेळानं फळांचा रस मिळायचा. सुरुवातीला रस मिळताच पेशी जोरात संदेश सोडत. सवय झाल्यावर त्या दिवा लागतानाच उसळू लागल्या. रस आला तेव्हा त्यांना विशेष काही वाटेना. 1997 मध्ये पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत त्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी धरून चाललेलं आणि मिळालेलं यांतला फरक सांगतात. त्या फरकातूनच मेंदू शिकतो.

मला सर्वात थक्क करणारी नोंद वेगळी आहे. दिवा लावून रस दिलाच नाही, तर एरवी रस यायचा नेमक्या त्याच क्षणी पेशी जवळजवळ गप्प होतात. त्या क्षणी बाहेर काहीच घडलेलं नसतं. उजेड नाही, आवाज नाही. न आलेल्या रसाची वेळ मेंदूनं तेवढी धरून ठेवलेली असते.