चांदीचे दागिने आणि त्वचाबाधा

चांदीचे दागिने आणि त्वचाबाधा : जोडवी, पैंजण, वाळे, करदोडा, कानातली यांसारखे चांदीचे दागिने वापरल्याने त्वचेवर येणारी खाज, लाली, पाणी भरलेल्या बारीक फोडी किंवा काळपट डाग. बोलण्यात या सगळ्यालाच ‘चांदी मानवत नाही’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात शुद्ध चांदीची अ‍ॅलर्जी फार विरळ आढळते. बहुतेक वेळा बाधा चांदीत मिसळलेल्या किंवा चांदीच्या नावाखाली विकल्या गेलेल्या दुसऱ्या धातूची, विशेषतः निकेलची असते.

शुद्ध चांदी मऊ असल्यामुळे दागिना टिकावा म्हणून तिच्यात दुसरा धातू मिसळतात. ९२५ छापाच्या चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेला भाग साधारणपणे तांब्याचा असतो. ८०० छापाच्या चांदीत मात्र पाचवा हिस्सा इतर धातूंचा असतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातले गलाई कारागीर सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेले आहेत, आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे, त्यातही पैंजणांचे, प्रसिद्ध केंद्र आहे. त्यामुळे या भागातल्या गिऱ्हाइकाला टंच विचारण्याची सवय असते. परंतु टंच असो वा हॉलमार्क, त्यावरून चांदी किती आहे एवढेच कळते. उरलेला धातू कोणता, हे कळत नाही, आणि त्वचेच्या दृष्टीने नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा असतो. जर्मन सिल्व्हर तर तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी मुळीच नसते. दागिना अस्सल चांदीचा असला तरी त्याची फिरकी, आकडा किंवा आतली स्प्रिंग निकेलयुक्त असू शकते. कानाच्या पाळीला मागच्या बाजूने, फिरकी टेकते तेवढ्याच जागी चट्टा उठला असेल, तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा.

घामातील क्षारांमुळे निकेलचे सूक्ष्म आयन सुटे होऊन त्वचेत शिरतात व तेथील प्रथिनांशी जोडले जातात. शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजून ओळखून ठेवते, आणि नंतर पुन्हा स्पर्श झाला की साधारण एक ते तीन दिवसांत खाज व फोडी येतात. वर्षानुवर्षे निकेलयुक्त दागिना घालूनही काही न झालेल्या स्त्रीला अचानक त्रास सुरू होऊ शकतो. ही संवेदनशीलता एकदा आली की बहुधा जन्मभर राहते. कान टोचल्यावर ताज्या जखमेत निकेलयुक्त दागिना घातल्यास ती निर्माण होण्याचा धोका अधिक असतो. युरोपीय महासंघाने १९९४ मध्येच अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर बंधन घातले. दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा होती.

अंगावर पडणारा प्रत्येक डाग मात्र अ‍ॅलर्जीचा नसतो. चांदीचा गंधकाशी संयोग होऊन तयार झालेले सिल्व्हर सल्फाइड त्वचेला लागले की काळा डाग पडतो. तांब्यामुळे हिरवट छटा येते. हे डाग खाजत नाहीत आणि धुतल्यावर जातात. जोडव्यांच्या बाबतीत आणखी एक कारण पाहावे लागते. धुणी-भांडी, शेतातले पाणी आणि चिखल यांमुळे बोटांची बेचकी दिवसभर ओली राहते, जोडव्याखाली साबण अडकून बसतो, आणि त्वचा पांढरी पडून चिरते. अशा चिखल्यांत बुरशीही वाढते. तेथे धातूला दोष देऊन औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावले, तर खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरते.

निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच चाचणी करतात. निकेल सल्फेटसह निरनिराळ्या पदार्थांच्या लहान पट्ट्या पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात. दागिन्यातून निकेल सुटते का, हे डायमिथाइलग्लायऑक्झिमच्या द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा दागिन्यावर घासून समजते. निकेल असल्यास बोळा गुलाबी होतो.

उपचाराचा गाभा दागिना उतरवणे हा आहे. सौभाग्यलेणे म्हणून जोडवी उतरवण्यास अनेक स्त्रिया कचरतात, आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान देणाऱ्या सुनेची अडचण डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवी. निकेल नसल्याची खात्री करून घडवलेली, थोडी सैल जोडवी त्वचा पूर्ण बरी झाल्यावर घालणे हा बहुतेकींना चालणारा मार्ग ठरतो. नखांना लावायचा रंगहीन लेप दागिन्याच्या आतल्या बाजूने लावला तर काही काळ संरक्षण मिळते, मात्र तो झिजतो व पुन्हा लावावा लागतो. सांगली ही हळदीची बाजारपेठ असल्याने चट्ट्यावर हळद लावण्याची रीत येथे स्वाभाविक वाटते. पण काही जणांना हळदीचीही स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी असते, शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली झाकली जाऊन तपासणी अवघड होते. फोडींतून पू येऊ लागल्यास किंवा पुरळ दागिन्याच्या जागेपलीकडे पसरल्यास घरगुती उपाय थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.